उभ्या गाडीचं चार्जिंग: बॅटरी कशाने थकते आणि सॉकेट कशाने जळतं

इलेक्ट्रिक गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात प्रश्न सुरू होतात. रोज पूर्ण चार्ज करायची की ८० टक्क्यांवर थांबायचं? रोज थोडी थोडी लावली तर चालेल का? १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर भागवावं की भिंतीवरचा ७.२ किलोवॉटचा चार्जर बसवावा, आणि त्या जास्त वेगाने बॅटरी लवकर जाईल का? शेजारी एक सांगतो, शोरूमवाला दुसरं आणि व्हॉट्सअ‍ॅप तिसरंच. बॅटरीत नेमकं काय झिजतं ते एकदा कळलं की यातलं बरंचसं आपोआप सुटतं, नियम पाठ करावे लागत नाहीत.

आधी एक साधा हिशोब. समजा गाडी एका चार्जमध्ये खऱ्या रस्त्यावर २५० किलोमीटर जाते आणि वर्षाला १२,००० किलोमीटर चालते. म्हणजे वर्षभरात अख्खी बॅटरी ४८ वेळा रिकामी होऊन भरली. २०-२० टक्के पाच वेळा भरलं तरी मोजताना ती एकच फेरी. अनेक कंपन्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात; तेवढ्या अंतरात ६४० फेऱ्या होतात. एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) प्रकारचे सेल दोन-तीन हजार फेऱ्या काढतात, एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) प्रकारचे हजाराच्या आसपास किंवा पुढे. घर ते ऑफिस अशा वापरात नुसती चालवून बॅटरी संपवायची म्हटलं तरी ते कठीण आहे.

मग ती थकते कशाने? उभी राहून. दिवसातले बावीस तास गाडी कुठेतरी उभी असते, आणि त्या बावीस तासांत बॅटरी किती भरलेली आहे व किती तापलेली आहे, यावर तिचं आयुष्य ठरतं.

आत काय चालतं ते असं. सेलच्या एका बाजूला ग्राफाइट, दुसऱ्या बाजूला लोह-फॉस्फेट किंवा निकेल-मँगनीज-कोबाल्टचं संयुग, आणि मध्ये एक द्रव. चार्ज करताना लिथियमचे आयन ग्राफाइटमध्ये जाऊन बसतात, गाडी चालवताना परत येतात. अगदी पहिल्या चार्जच्या वेळी ग्राफाइटवर त्या द्रवाचा एक पातळ थर धरतो, तापल्या दुधावर साय धरते तसा. हा थर हवाच असतो, त्याच्याशिवाय सेल टिकणार नाही. पण तो हळूहळू जाड होत जातो आणि जाड होताना लिथियम गिळतो. गिळलेलं लिथियम पुन्हा कामाला येत नाही. रेंज कमी होते ती मुख्यतः यामुळे. साय जशी आधी भरभर धरते आणि मग तिची वाढ मंदावते, तसंच इथेही होतं. म्हणून पहिल्या वर्षी घट जरा जास्त दिसते आणि पुढे वेग कमी होतो. पहिल्या वर्षातला आकडा पाहून आठ वर्षांचा अंदाज बांधू नये.

हा थर दोन गोष्टींनी भराभर वाढतो: वरपर्यंत भरलेली बॅटरी आणि उष्णता. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. भरलेली बॅटरी थंड जागी एखादी रात्र राहिली तर फारसं बिघडत नाही, आणि निम्मी भरलेली बॅटरी उन्हात तापली तरी ती बऱ्यापैकी सोसते. नुकसान होतं ते दोन्ही एकत्र आल्यावर. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. तिथे गाडी १०० टक्के भरून, छपराशिवायच्या जागेत पंधरा दिवस उभी करून गावाला जाणं हा बॅटरीला म्हातारी करण्याचा सर्वांत छोटा रस्ता आहे. हायवेवर महिन्यातून दोनदा केलेल्या फास्ट चार्जिंगची जितकी काळजी लोक करतात, त्याच्या निम्मी तरी या उभ्या गाडीची करायला हवी.

रोज थोडं थोडं चार्ज केलं तर बॅटरी खराब होते, हा समज जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांकडून आला. त्या अर्धवट वापराची ‘सवय’ लावून घ्यायच्या. लिथियम-आयनला ती खोड नाही. उलट ४० वरून ७० पर्यंतच्या छोट्या फेऱ्या तिला ५ वरून १०० पर्यंतच्या मोठ्या फेरीपेक्षा सोप्या जातात. रोज संध्याकाळी गाडीला चार्जरची गन लावा, बिनधास्त लावा.

वेगाचं म्हणाल तर ४० युनिटच्या बॅटरीला ७.२ किलोवॉटचा चार्जर म्हणजे साडेपाच-सहा तासांची भरणी. सेलच्या दृष्टीने हा संथच वेग. फास्ट चार्जर तीच बॅटरी ५० किलोवॉटने भरतो, सातपट वेगाने. तिथे सेल तापतात, आणि ८० नंतर गाडी स्वतःच वेग कमी करते. घरच्या ३ आणि ७ किलोवॉटमध्ये बॅटरीला जाणवेल असा फरक नाही. उलट साध्या सॉकेटवर वीज थोडी जास्त वाया जाते, कारण चार्जिंग चालू असेपर्यंत गाडीतले कॉम्प्युटर, पंप वगैरे जागे असतात. ते दोनेकशे वॉट जरी खात असले तरी दहा तासांत दोन युनिट गेली. चार तासांत एकही जात नाही.

एलएफपी की एनएमसी?

८० टक्क्यांचा प्रश्न या उत्तरावर अवलंबून आहे. टाटाच्या टियागो, पंच आणि नेक्सॉन या इलेक्ट्रिक गाड्यांत, तसंच बीवायडीच्या अ‍ॅटो ३ मध्ये एलएफपी आहे. महिंद्राची एक्सयूव्ही ४०० आणि ह्युंदाईची कोना या एनएमसीवाल्या. आपल्या गाडीत काय आहे ते मॅन्युअलमध्ये किंवा सर्व्हिस सेंटरला विचारून एकदा नक्की करून घ्या.

एनएमसी असेल तर नियम सरळ आहे: रोजची मर्यादा ८०, लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री १००, आणि १०० झाल्यावर लवकर निघायचं.

एलएफपीचं गणित वेगळं आहे, कारण तिचा व्होल्टेज फार सपाट असतो. एनएमसी सेल ४.२ व्होल्टला भरतो आणि रिकामा होत जाताना व्होल्टेज उतरत जातो, त्यामुळे किती उरलं ते गाडीला व्होल्टेजवरून कळतं. एलएफपी सेल मात्र ३० टक्के असो की ७०, ३.३ व्होल्टच्या आसपासच बसून असतो. टाकीतली पातळी काचेच्या नळीतून बघायची आणि नळीत पाणी हलतच नाही, अशी गाडीच्या कॉम्प्युटरची अवस्था. तो आत गेलेला आणि बाहेर आलेला करंट मोजत बसतो, आणि त्या मोजणीत रोज थोडी चूक साठत जाते. सेल पूर्ण भरत आला की व्होल्टेज एकदम ३.६ च्या वर उसळतो. तेव्हाच कॉम्प्युटरला खात्रीची खूण मिळते. शिवाय एकामागोमाग जोडलेल्या शंभरेक सेलपैकी पुढे गेलेल्यांना थांबवून मागे राहिलेल्यांना बरोबर आणण्याचं काम, म्हणजे बॅलन्सिंग, तेही याच वरच्या टोकाला होतं. ते फार बारीक करंटने चालतं, म्हणून वेळ लागतो. आकडा १०० दिसला तरी आणखी तास-दोन तास गन लावून ठेवावी, ती यासाठी.

हे महिनोन्‌महिने केलं नाही तर काय होतं? गाडी १४ टक्के दाखवत असते आणि सिग्नलवरून निघताना एकदम ५ वर येते. बॅटरी गेली असं वाटतं. बहुतेक वेळा गेलेली नसते. घरच्या चार्जरवर एक-दोनदा पूर्ण भरली की आकडा ताळ्यावर येतो.

यावरून ‘एलएफपीला रोज १०० केलं तरी काही होत नाही’ असं म्हणायची पद्धत पडली. ते अर्धंच खरं आहे. कॅनडातल्या डॅलहौसी विद्यापीठात जेफ डान यांच्या गटाने २०२४ साली दाखवलं की एलएफपी सेलही सतत वरच्या टोकाला खेळवले तर लवकर थकतात. तेव्हा आमचं मत असं: आठवडाभर ८०-९० पर्यंत, आणि आठवड्यातून एकदा पूर्ण १००, तेही निघायच्या जरा आधी संपेल अशा बेताने. गाडीत मर्यादेची सोयच नसेल आणि रोज पहाटे १०० होऊन आठला गाडी निघत असेल, तर झोप उडवून घ्यायचं कारण नाही. १०० वर चार दिवस उभी राहणं मात्र टाळा.

मर्यादा नसलेल्या गाडीत तास मोजून भागवता येतं. ३० युनिटची बॅटरी ४० वरून ८० वर न्यायची म्हणजे १२ युनिट आत जायला हवीत. वाटेत साधारण १२ टक्के जातात असं धरलं तर भिंतीतून साडेतेरा युनिट लागतील. ३ किलोवॉटने साडेचार तास. रात्री दीडला सुरू केलं की सहाला काम झालं. सुरू होण्याची वेळ गाडीच्या किंवा चार्जरच्या अ‍ॅपमधून लावा, सॉकेटला स्वस्तातला टायमर लावून नको. का, ते पुढे येतं आहे. उन्हाळ्यात हायवेवरून तापून आलेल्या गाडीलाही हाच उपाय: लगेच १०० कडे पळवण्यापेक्षा तीन-चार तास निवू द्या. अडीचशे-तीनशे किलोचा तो ठोकळा सावकाश तापतो आणि सावकाशच निवतो.

भिंतीतलं सॉकेट

घरच्या चार्जिंगमध्ये खरोखर जे बिघडतं ते बहुतेक वेळा भिंतीत बिघडतं, बॅटरीत नाही. आणि तिथे रेंज कमी होत नाही, आग लागते.

‘इथे वर्षानुवर्षं गीझर चालतोय, गाडी का नाही चालणार?’ असं वायरमनही म्हणतो. २ किलोवॉटचा गीझर ९ अँपिअर घेतो आणि पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो. सॉकेट तापायच्या आत काम संपलेलं असतं. गाडी १३-१४ अँपिअर घेते आणि सलग आठ-दहा तास घेते. सॉकेटमधली पितळी पट्टी जरा सैल असेल, किंवा मागचा स्क्रू अर्धा फेरा ढिला असेल, तर तिथे ०.१ ओहमचा अडथळा तयार होतो. ऐकायला काहीच नाही. पण १४ अँपिअरच्या वर्गाला ०.१ ने गुणा: जवळपास २० वॉट. मोबाइल दुरुस्तीच्या टेबलावर असतं ते छोटं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं. तसं एक आयर्न प्लास्टिकच्या खोक्यात रात्रभर चालू ठेवल्यासारखं होतं. तापल्याने पट्टीचा ताण जातो, ती आणखी सैल होते, पितळेवर काळा थर येतो, अडथळा वाढतो, आणखी तापतं. एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की पडणारा बोर्डावरचा स्विच, यात पडत नाही, कारण करंट ठरल्याइतकाच असतो. एमसीबी आहे म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं.

त्यामुळे नवीन सॉकेट बसवल्यावर पहिल्या आठवड्यात तपासणी कराच. चार्जिंग सुरू करून तासाभराने प्लगच्या पाठीला बोटं लावा. कोमट असेल तर ठीक. चार-पाच सेकंद बोट ठेववत नसेल तर चार्जिंग आधी अ‍ॅपमधून किंवा गाडीतून थांबवा, मग स्विच बंद करा, आणि निवल्यावर प्लग काढून बघा. पिनच्या भोकाभोवती तपकिरी कडा, निळसर-काळी पडलेली पिन, जळक्या प्लास्टिकचा वास, यातलं एक जरी दिसलं तरी सॉकेट आणि प्लग दोन्ही बदलायचे. फक्त सॉकेट बदललं तर काळी पडलेली पिन नव्यालाही त्याच वाटेने नेते. महिन्याभराने मुख्य स्विच बंद करून वायरमनकडून मागचे स्क्रू एकदा पुन्हा आवळून घ्या. तांब्याच्या तारा दाबून बसतात आणि पहिल्यांदा आवळलेला स्क्रू हलका होतो. चार्जरचा डबा प्लगला लोंबकळत ठेवू नका, त्याच्या वजनाने पट्ट्या सैल होतात. भिंतीत एक खुंटी मारा आणि तिला अडकवा. एक्स्टेन्शन बोर्ड, मल्टिप्लग, टायमर यांना इथे जागा नाही, कारण त्यातला प्रत्येक म्हणजे आणखी एक सैल सांधा. घरगुती प्लगऐवजी निळं, झाकणाचं, गोल औद्योगिक सॉकेट बसवलं तर उत्तम, पण त्याला जुळणारा प्लग चार्जर देणाऱ्याकडूनच लावून घ्या.

वायर किती जाडीची? साध्या सॉकेटसाठी मीटरपासून सरळ स्वतंत्र ओढलेली ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, ७.२ किलोवॉटसाठी किमान ६. अंतर वाढलं की जाडी वाढवायची. सोसायटीत मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत ६० मीटर सहज होतात, जाऊन-येऊन १२०. तिथे ६ स्क्वेअर एमएममधून ३२ अँपिअर नेले तर जवळजवळ १२ व्होल्ट आणि पावणेचारशे वॉट वायरीतच जिरतात. १० स्क्वेअर एमएम घेतली तर सव्वादोनशे वॉटवर येतं. जुन्या इमारतींत भिंतीतून अ‍ॅल्युमिनियमच्या वायरी गेलेल्या असतात, त्यांच्यावर गाडीचा भार अजिबात टाकू नये. ३२ अँपिअरच्या चार्जरला ४० अँपिअरचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरला पडणारा आरसीसीबी (विजेची गळती पकडणारा स्विच) हवा, तोही ‘ए’ टाइपचा. ‘एसी’ टाइपचा स्वस्त आरसीसीबी डीसी गळती असली की आंधळा होतो. त्यावरचं ‘टी’ बटण महिन्या-दोन महिन्यांनी दाबून तो पडतो का ते बघायचं.

आता अर्थिंग. चार्जरवर लाल दिवा आणि ‘अर्थ फॉल्ट’ ही आपल्याकडची नित्याची तक्रार आहे. मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढाच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवा. न्यूट्रल-अर्थ १५-२० दाखवत असेल तर अर्थिंग कमजोर आहे किंवा न्यूट्रल कुठेतरी ढिला आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणात वरची माती उन्हाळ्यात कोरडी पडली की अर्थिंगचा अडथळा वाढतो. म्हणून जानेवारीत नीट चालणारा चार्जर मेमध्ये रुसतो आणि पहिल्या पावसानंतर आपोआप सुधारतो. खड्ड्यात पाणी घालणं ही तात्पुरती सोय. केमिकल अर्थिंगचा नवा खड्डा हा खरा इलाज.

काही वायरमन मात्र सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ तारेच्या तुकड्याने जोडून देतात. दिवा हिरवा होतो, चार्जिंग सुरू होतं, सगळे खूश. पुढे कधी मागचा न्यूट्रल तुटला, तर तोच २३० व्होल्ट त्या तुकड्यातून थेट गाडीच्या पत्र्यावर येतो, आणि ओल्या जमिनीवर उभं राहून दार उघडायला हात लावणारा माणूस त्याच्या वाटेत असतो. हा तुकडा कुणीही, कितीही अनुभवी माणसाने सुचवला तरी लावू देऊ नका. आधीच लावलेला असेल तर आजच काढून घ्या.

पावसात चार्जिंग करायला हरकत नाही. गाडीकडची गन त्यासाठीच बनवलेली असते, आणि पिना नीट जुळल्याशिवाय तिच्यात वीज येत नाही. भिंतीकडच्या प्लगला तसं संरक्षण नसतं. तो छपराखाली, कमरेच्या वर, झाकणाच्या पेटीत असावा. काम झाल्यावर गन टोपी लावून टांगायची. जमिनीवर टाकलेल्या केबलला गाडीचं चाक आणि उंदीर असे दोन शत्रू असतात.

७.२ किलोवॉट बसवण्याआधी मंजूर लोड बघा. चार्जरचे ३२, गीझरचे ९, एसीचे ७ अँपिअर एका वेळी चालले की ४८ होतात आणि सिंगल फेज कनेक्शनला ते पेलत नाही. थ्री फेज घ्यावं लागतं, किंवा चार्जर १६ अँपिअरवर बांधून ठेवावा लागतो. रोज पन्नासेक किलोमीटरच्या वापराला १६ पुरतात. घरच्या चालू कनेक्शनवरून गाडी चार्ज करायला केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार परवानगी आहे, वेगळ्या परवान्याची गरज नाही. महिन्याला १,००० किलोमीटर म्हणजे मीटरवर १६० युनिटची भर, आणि ती घरगुती दराच्या वरच्या टप्प्यात पडते. ईव्हीच्या स्वतंत्र वर्गवारीत वेगळं मीटर घेणं परवडतं का, याचा हिशोब करून बघा. टीओडी मीटर (वेळेप्रमाणे वेगळा दर लावणारं) असलेल्यांना महावितरणची घरगुती सवलत सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत आहे. रात्रीची वीज स्वस्त असं धरून चालू नका.

लांबच्या मुक्कामासाठी, म्हणजे मुलांकडे परदेशी दोन-तीन महिने जाणार असाल तर, बॅटरी ५०-६० टक्क्यांवर ठेवा, गन काढा, गाडी सावलीत लावा. ५-१० टक्क्यांवर सोडून जाऊ नका, कारण गाडी उभ्या-उभ्याही थोडी वीज खाते आणि पूर्ण रिकाम्या सेलला कायमची इजा होते. परत आल्यावर गाडी उघडत नसेल तर मोठ्या बॅटरीवर संशय घेण्याआधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी तपासा. दारं, कुलपं, कॉम्प्युटर सगळं तिच्यावर चालतं, आणि उभ्या गाडीत तीच आधी मान टाकते. दर दहा-पंधरा दिवसांनी कुणाला तरी गाडी ‘रेडी’ करून अर्धा तास ठेवायला सांगितलं की मोठी बॅटरी छोटीला भरून काढते.

बॅटरी किती उरली ते रेंजच्या आकड्यावरून ठरवू नका. तो आकडा तुमच्या मागच्या काही फेऱ्यांच्या चालवण्यावर आणि एसीवर हलतो. वर्षातून एकदा १०० टक्क्यांवरून निघून २० पर्यंत या आणि डॅशबोर्डवर किती युनिट खर्च झाली ते टिपा. २२ युनिट झाली तर ८० टक्क्यांना २२, म्हणजे पूर्ण बॅटरी साडेसत्तावीसची. दर वर्षी त्याच ऋतूत हेच करा, डिसेंबरचा आकडा मेच्या आकड्याशी ताडू नका. आणि सर्व्हिसिंगच्या वेळी बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल तोंडी नाही, कागदावर मागून घ्या. वॉरंटीचा दावा करायची वेळ आली तर तोच कागद पुढे ठेवता येतो.